खडूच्या खुणा

आधी होडीतच पाणी भरलं.
अंगणात, ट्रेलरवर, बागेच्या नळीनं,
पाऊण तास.
कुंपणापलीकडून आंब्रोझ ओरडला,
सोलरून, तळं तिकडे आहे गं, पूर्वेला.
मी गवतावर उताणी पडून
थेंब कुठून येतात ते बघत राहिले.
जिथे थेंब, तिथे निळा खडू.
अकरा रिव्हेट.
बाराव्याचा नुसता संशय.

चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियम,
माझ्याहून चार वर्षांनी थोरली.
बाबा, तू तिला नाव दिलं नाहीस.
नावं माणसांना, म्हणायचास, आणि कुत्र्यांना.
तेव्हा तू पुष्कळ काही म्हणायचास.

फेब्रुवारीत, बर्फाखालचं जाळं ओढताना
तुझी डावी बाजू गेली
आणि जाताना शब्द घेऊन गेली.
एक मागे राहिला: बरं.
सूप गरम असलं तरी बरं,
गार असलं तरी बरं,
डॉक्टरीण म्हणाली आता मासेमारी विसरा, तेव्हाही
बरं,
पण तो वेगळा होता.

मोटरचा दांडा डाव्या हाताचा असतो.
माणूस उजवीकडे बसतो,
डावा हात मागे टाकतो
आणि पुढे बघतो.
तुझ्यासोबत इतकी वर्षं बसले मी त्या होडीत,
कधी ध्यानात आलं नाही.

वहीत आखलं:
बैठक डावीकडे, पाठ असलेली, फिरती.
दांड्याला प्लास्टिकच्या पाइपचा दोन फुटी जोड.
तळाला सपाट फळी, पाय अडकायला नको.
मधलं बाकडं कापून टाकायचं,
काठीला वाट होईल.

गिम्लीच्या दुकानदारानं पंचवीस घोड्यांची मोटर दाखवली,
बटण दाबलं की चालू.
होडीवरची पाटी म्हणते पंधरा.
नाकापेक्षा मोती जड.
परत आले. तुझ्या हातात जुन्या मोटरची दोरी दिली.
तिसऱ्या हिसक्याला ती खोकली.
म्हणजे उजव्याला जमतंय.

औषध पाजलेलं प्लायवुड स्वस्तात मिळत होतं.
आंब्रोझनं ते उचलून परत माझ्या गाडीत टाकलं.
त्यातलं तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं, म्हणाला,
सावकाश. वरून काही कळत नाही.
आम्ही दोघंही जरा वेळ गप्प.
मग साधंच आणलं, तीन हात वॉर्निश.

करवत लावायच्या दिवशी
तू काठी टेकत आलास,
पायरीवर चढलास, मी आधार देईपर्यंत थांबला नाहीस,
आणि नेमका त्या बाकड्यावर बसलास.
बाबा, ऊठ.
बरं.
उठला नाहीस.
बोटांच्या पेरांनी बाकड्यावर ठोकलंस,
ठप, ठप,
पोकळ नव्हे, भरलेला आवाज.
आत फोम. होडी उलटली
तर तोच एक तरंगतो,
आणि दोन्ही कुशी एकमेकींपासून धरून ठेवतो
तोही तोच.
तूच शिकवलं होतंस, मी नऊ वर्षांची असताना.
करवत भिंतीला टांगली.
बाकड्यावर धरायला एक उभी नळी बसवली, बस्स.

राहिले रिव्हेट.
ते काम एकट्याचं नाही:
बाहेरून हातोडी, आतून कुणीतरी
लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा.
होडी कुशीवर वळवली.
तू आतल्या अंगाला, स्टुलावर.
मी बाहेर, खडूच्या खुणांपाशी.
मध्ये पत्रा. ना तू दिसत, ना मी.
धरलास?
बरं.
ठण्.
पुढचा?
बरं.
अकरा वेळा. एवढ्या गप्पा
आपण हिवाळ्यापासून मारल्या नव्हत्या.

मी हातोडी ठेवली
तर आतून ठोकळा वाजला.
एकदा. पुन्हा एकदा.
माझी खूण नव्हती तिथे.
बारावा.

संध्याकाळी परत नळी सोडली.
परत मी गवतावर.
वर तू नव्या बैठकीत,
मोज्यांसकट पाय पाण्यात.
थेंब नाही.
तरी उठले नाही लगेच.

वरती पाइप करकरला.
तू दांडा वळवून बघत होतास,
ट्रेलरवर, अंगणात,
आंब्रोझचं कुंपण
डाव्या हाताला ठेवून.